ओवीच्या केसपेपरवर मी

सांगली,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय सुध्या,

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा 'नंतर करतो' म्हणालो आणि आता मार्गशीर्ष संपत आला. शिव्या दे, पण आधी पूर्ण वाच. आईचे गुडघे तसेच, माझा बीपी तसाच.

ओवीला परत धाप लागली. अडीच वर्षांत तिसऱ्यांदा नेब्युलायझर. आधीचे डॉक्टर औषध लिहायचे, आपण घरी यायचं, विषय संपला. या वेळी नव्या डॉक्टरबाईंकडे गेलो. छातीला स्टेथो लावूनच त्यांनी विचारलं, "घरात सिगारेट कोण ओढतं?" मृणाल भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागली. मी म्हणालो, "घरात कुणीच नाही." खोटं नव्हतं रे, मी गच्चीवर ओढतो! तर बाई म्हणतात, "खाली येताना शर्ट वरच ठेवून येता का?" धूर कपड्यांत, केसांत बसून खाली येतो, आणि ही झोपते माझ्याच खांद्यावर. एवढीशी पोरं आपल्यापेक्षा भराभर श्वास घेतात, आतल्या नळ्याही अरुंद.

आता प्रवचन सुरू होणार म्हणून मी हॉस्टेलात नानांसमोर उभा राहायचो तसा उभा. (तेव्हाही तू सटकला होतास, मी विसरलेलो नाही.) पण बाईंनी विचारलं, "सकाळी उठल्यावर पहिली किती वेळानं?" हे मला वीस वर्षांत कुणी विचारलेलं नाही. म्हणालो, चहाच्या आधी. "म्हणजे अर्ध्या तासाच्या आत. मग चार मिलिग्रॅम." आणि ओवीच्याच कागदावर, तिचं वजन ११.४ किलो, पंपाचे डोस, त्याखाली एक रेघ मारून लिहिलं: 'बाबा', आणि पुढे निकोटिन गम. मेडिकलवाल्या पोरानं कागद दोनदा वाचला, मग माझ्याकडे बघितलं.

तो गम पानासारखा चघळायचा नाही. जरा चावायचा, तोंडात चुरचुरलं की गालात दाबून ठेवायचा. आणि त्याआधी पंधरा मिनिटं चहा नाही. चहा नाही, सुध्या! मग उठायचं कशासाठी?

सोडायला मदतीचा नंबर सिगारेटच्या पाकिटावरच असतो, बाई म्हणाल्या, १८००-११-२३५६. आपण जन्मभर अण्णाच्या टपरीवर एकेक सुटी सिगारेट घेतली, पाकीट कुणी बघितलंय! अशी सुटी सिगारेट विकायला २०२० पासून राज्यात बंदी आहे. अण्णाला कुणीतरी कळवा.

आठ दिवस निभावले. चिडचिड एवढी की मृणाल म्हणाली, ओढ पण गप्प बस. नवव्या दिवशी ऑफिसात साहेबांनी फाइल आपटली आणि मी टपरीवर. एकच. घरी येऊन शर्ट बदलला, तोंड धुतलं, तरी ओवीला घेतलं नाही. ती हात वर करून उभी आणि मी म्हणतोय, बाबा दमलाय. त्या रात्रीपासून बापू डोक्यातून जात नाहीत. माझ्या उशाशी विडी ओढत गोष्ट सांगायचे, मी खोकलो की आईला हाक मारून आल्याचा रस मागवायचे, आणि गोष्ट पुढे चालू. त्यांना तेव्हा कुणी विचारलं असतं तर? कदाचित त्यांनी डॉक्टरच बदलला असता.

मृणालला त्या एकीबद्दल सांगितलेलं नाही. गुरुवारी ओवीला दाखवायला न्यायचंय, बाई मलाही विचारणार, आणि मृणाल तिथेच असणार. आधी घरी सांगू की तिथेच फुटू दे? तुलाच विचारतोय, कारण पहिली मला तूच पाजलीस, आणि पहिल्यांदा सोडलीसही तूच, मला न सांगता. तेव्हा तुझ्याशी महिनाभर बोललो नव्हतो. किती वेळा घसरलास ते खरं सांग, आकडा कमी करू नकोस.

मस्कतची बदली झाली का? वहिनींना नमस्कार, चिन्मयच्या दहावीचं कळव.

तुझा,
बंड्या

ता. क. बेळगावला हरवलेला तुझा लायटर माझ्याकडेच आहे. ड्रॉवरमध्ये. पाठवू?