नावं न सांगणाऱ्यांचे आभार

आरोग्य ॲपच्या मराठी मजकुरावर विनामोबदला राबलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार. नावं छापू नका म्हणालात, म्हणून कामच सांगतो.

'अपॉइंटमेंट रद्द करायची?' या प्रश्नाखाली 'ओके' आणि 'रद्द करा' अशी बटणं होती. आता नेमकं कुठलं दाबायचं? तुम्ही 'हो, रद्द करा' आणि 'नको, राहू दे' असं केलंत. 'सेवनाची पुष्टी करा' काढून 'गोळी घेतली' लिहिलंत. क्रियापद गोळीप्रमाणे चालतं, त्यामुळे घेणारी बाई की पुरुष हा प्रश्नच उरला नाही. '2 गोळी' दिसायचं, कारण कोडमध्ये आकड्यापुढे एकच शब्द चिकटवला होता. एकवचन-अनेकवचनाची वेगळी वाक्यं तुम्ही मागून घेतलीत.

सगळ्यांत मोलाची दुरुस्ती ओआरएसची. 'एक पुडी ग्लासभर पाण्यात' हे वाक्य धोक्याचं: 1 लिटरची पुडी ग्लासात घातली तर मिठाचं प्रमाण फार वाढतं. 200 मिलीच्या पुड्याही मिळतात, म्हणून 'पुडीवर लिहिलंय तेवढं पाणी मोजून घ्या' ही ओळ सर्वांत वर आली.

आणि हो, फॉन्ट मोठा केला की बटणातली वेलांटी नि उकार कापले जातात, हे स्वस्तातल्या फोनवर दाखवून देणाऱ्यांचे वेगळे आभार.