तुटलेली क्लिप फेकू नकोस

प्रिय मनू,

काल फोनवर म्हणालास की तिसऱ्या ट्रायललाही तू डिझाइन केलेल्या झाकणाची क्लिप तुटली आणि मग हळूच, "आई, मला हे जमत नाही बहुतेक." तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून लिहितेय.

माझी पहिली क्लिप पण अशीच होती रे. बॅटरीचं झाकण, एबीएस नावाच्या प्लास्टिकचं, शंभरेक वेळा उघडझाप केली की हूक मुळाशी कडकन तुटायचा. मी आधी मटेरियलला नावं ठेवली, मग हुकाची जाडी वाढवली तर तो अजूनच लवकर तुटायला लागला, कारण तेवढंच वाकायचं तर जाड हुकावर ताण जास्त येतो, हे शिकलेलं होतं पण तेव्हा सुचलं नाही. शेवटी एका रात्री भिंग घेऊन नुसती उघडझाप करत बसले आणि साठ-सत्तर वेळा झाल्यावर मुळाशी केसासारखी पांढरी रेघ दिसली. एबीएसवर ताण आला की तिथे ते पांढरं पडतं, तुटायच्या आधी सांगतं बिचारं. तिथला कोपरा अगदी धारदार होता, ड्रॉइंगमध्ये मी रेडियस, म्हणजे कोपऱ्याला गोलाई, दिलाच नव्हता! अर्धा मिलिमीटर रेडियस दिला आणि क्लिप टिकली. मोल्ड, म्हणजे साचे, बनवणाऱ्या टूलरूमने दुपारपर्यंत करूनही दिलं, कारण पार्टवर प्लास्टिक वाढवायचं म्हणजे मोल्डमधलं स्टील काढायचं, ते सोपं असतं, उलट असतं तर वेल्डिंग करत बसावं लागलं असतं. म्हणून ज्या मापाची खात्री नाही तिथे पार्ट आधी बारीकच ठेवत जा.

जेम्स डायसनने बॅग नसलेल्या व्हॅक्यूम क्लीनरसाठी पाच वर्षांत 5127 प्रोटोटाइप केले, पहिला तर पुठ्ठ्याचा होता, आणि स्वतःच्या नावाचं मशीन बाजारात यायला 1993 उजाडलं. लोक आकडाच सांगतात, मला मात्र तो एका वेळी एकच गोष्ट बदलायचा हे जास्त मोठं वाटतं. तू तिसऱ्या ट्रायलला तीन गोष्टी एकदम बदलल्यास ना? मग नेमकं कशाने काय झालं ते कळणार कसं.

आणि ती क्लिप उघडणार कोण तेही बघ. ऑक्सो हा स्वयंपाकघरातल्या वस्तूंचा ब्रँड काढणाऱ्या सॅम फार्बरच्या बायकोला संधिवातामुळे पीलर धरणं अवघड जायचं, त्यातून 1990 मध्ये ऑक्सोची ती जाड, मऊ मुठीची भांडी-अवजारं आली. कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगमध्ये, बोटं दुखत नाहीत, म्हणून ज्याची बोटं आखडलीत अशा माणसाच्या हातात दे आणि गप्प बसून बघ.

नवीन काही सुचलं असेल तर कुणालाही दाखवायच्या आधी पेटंटचा अर्ज टाक, नंतर अनेक देशांत ते नवीन धरत नाहीत.

तुटलेल्या तिन्ही क्लिपा जपून ठेव, त्यांवर तारीख लिही. येशील तेव्हा घेऊन ये, माझं भिंग अजून आहे, आपण दोघं बसून बघू रेघ कुठून सुरू होते ते.

तुझी,
आई