‘पोटात दुखतंय’ एवढ्यावर भागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्नाटक राज्य मंत्रिमंडळाने नोकरदार महिलांना पाळीसाठी महिन्याला एक दिवस पगारी रजा मंजूर केली. रजेच्या बाजूने आणि विरोधात भरपूर बोलून झाले. ज्या दुखण्यासाठी ही रजा, त्याचे करायचे काय, हा विषय मात्र बाजूलाच राहिला. बेळगावात वडगाव-शहापूरच्या मागावर काम करणारी, निपाणीत घरी बसून विडी वळणारी किंवा उसाच्या फडातली बाई कुणाकडे रजा मागणार? तिच्या हाती मेडिकलमधून मागवलेली गोळीच. नोकरदार असो वा मजूर, दर महिन्याला जिला अंथरूण धरावे लागते तिने एकदा तरी नीट तपासून घ्यायला हवे. आणि तपासणी नीट होण्याचा अर्धा भाग दवाखान्यात जाण्याआधी घरीच होतो, म्हणून हे पत्र.

ओपीडीत एका बाईच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येतात. त्यात ती ‘पोटात दुखतंय’ म्हणते, सोबतची सासू ‘पित्त हाय तिला’ अशी भर घालते, टेबलापलीकडचे कन्नड डॉक्टर ‘होट्टे नोवु’ (पोटदुखी) एवढेच ऐकतात आणि पित्ताची गोळी लिहितात. यात लबाडी कुणाचीच नाही. अशा डॉक्टरांपुढे बोट ओटीपोटावर ठेवून ‘केळहोट्टे’ म्हणावे, पाळीला ‘मुट्टु’, कमरेला ‘सोंट’, अंगावरून पांढरे जाण्याला ‘बिळी सेरगु’. ‘अडचण आहे’, ‘बाहेरची झाले’ हे आपल्या घरात कळते, बाहेरगावाहून आलेल्या डॉक्टरांना कळेलच असे नाही. सरळ ‘पाळी’ म्हणावे.

याहून उपयोगी वस्तू भिंतीवरच असते: कॅलेंडर. दोन महिने, जमल्यास तीन, रोज रात्री अर्धे मिनिट काढून तारखेच्या चौकोनात लिहायचे. रक्त सुरू झाले तो दिवस १. (आंघोळीचा दिवस नव्हे. कित्येक जणी न्हाण्याच्या दिवसापासून मोजतात आणि सगळा हिशेब चार-पाच दिवसांनी चुकतो.) दुखण्याला ० ते १० पैकी आकडा द्यायचा. कुठे दुखले, किती पॅड लागले, गोळी किती वाजता घेतली, किती तासांनी उतार पडला, काम किंवा शाळा बुडाली का, तेही टाकायचे. एका चौकोनातली नोंद अशी असावी: ‘दिवस २. दु. ८, डावीकडे, मांडीपर्यंत. शौचाला बसताना कळ. पॅड ५. गोळी सकाळी ८, उतार नाही.’ एवढ्या ओळीवरून डॉक्टरांना जे कळते, ते दहा प्रश्न विचारूनही हाती लागत नाही.

अशा कॅलेंडरवर दुखणे आपला नमुना स्वतःच दाखवते. साधे पाळीचे दुखणे रक्ताबरोबर किंवा त्याआधी काही तास सुरू होते आणि दोन-तीन दिवसांत ओसरते. ते मुलीला पाळी आल्यापासून वर्ष-दोन वर्षांत सुरू होते. गर्भाशयाच्या आतल्या थरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार होते. त्याने गर्भाशयाचा स्नायू आवळतो, त्याचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता घटतो आणि कळ येते. उलटी, पातळ शौच, डोके दुखणे हेही त्याच द्रव्याचे उद्योग, म्हणून ‘काहीतरी खाण्यात आलं असेल’ हा अंदाज वरचेवर चुकतो.

गोळी उशिरा घेतली की का लागू पडत नाही, याचे उत्तरही इथेच आहे. मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होण्यावर बंधन घालतात, आधीच तयार झालेले पुसून टाकत नाहीत. दिवसभर सोसून रात्री अगदीच असह्य झाल्यावर घेतलेली गोळी म्हणूनच वाया जाते. कळ सुरू होताच, आणि पाळी तारखेवर येत असेल तर आदल्या दिवशीच सुरू करावी. प्रौढ बाईसाठी मेफेनॅमिक ॲसिड ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा किंवा आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आठ-आठ तासांनी, दोन्हींपैकी एकच, दोन ते तीन दिवस आणि खाल्ल्यानंतर. उपवासाच्या दिवशी रिकाम्या पोटी नको. शाळकरी मुलीची मात्रा डॉक्टरांना विचारून. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, वेदनाशामकाने वाढणारा दमा, डेंगीची शंका किंवा दिवस राहिल्याची शक्यता असेल तर या गोळ्या घेऊ नयेत. मेफेनॅमिक ॲसिडने क्वचित ताप, अंगभर पुरळ आणि गाठींना सूज अशी गंभीर प्रतिक्रिया येते. इंडियन फार्माकोपिया कमिशनने २०२३ च्या अखेरीस तसा इशारा दिला होता. ही प्रतिक्रिया गोळी घेतल्यावर काही आठवड्यांनीही दिसू शकते, त्यामुळे कुणाला तिचा संबंध लागत नाही.

शेकाला कमी लेखू नये. रबरी पिशवी दोन-तृतीयांश भरायची, पाणी उकळते नको, आतली हवा दाबून काढायची, टॉवेलात गुंडाळून ओटीपोटावर पंधरा-वीस मिनिटे ठेवायची. पोटावर जाळीदार तपकिरी डाग उठू लागले तर शेक फार गरम आहे असे समजावे.

आता, साधे नसलेले दुखणे. पूर्वी नसताना पंचविशी-तिशीत सुरू झालेले. पाळीच्या चार-सहा दिवस आधीपासून धरणारे आणि संपल्यावरही न सुटणारे. संबंधाच्या वेळी खोलवर, शौचाच्या किंवा लघवीच्या वेळी होणारे. तीन पाळ्या गोळी वेळेवर घेऊनही न जुमानणारे. अशा वेळी एंडोमेट्रिओसिसचा विचार करावा लागतो. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर, अंडाशयावर किंवा आतड्यालगत रुजतो. जगात दहापैकी सुमारे एका स्त्रीला प्रजननवयात हा आजार असतो आणि निदानाला सरासरी ४ ते १२ वर्षे लागतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे या वर्षांतली काही ‘लग्न झालं की थांबतं’ आणि उरलेली ‘एक मूल होऊ दे’ म्हणण्यात जातात. साधे दुखणे बाळंतपणानंतर कधी कधी कमी होते हे खरे, पण मूल हा एंडोमेट्रिओसिसवरचा उपचार नाही. उलट या आजारामुळेच मूल राहायला अडचण येऊ शकते.

‘स्कॅनिंग नॉर्मल आलं, म्हणजे मनाचं आहे’ हे वाक्य तर पुसूनच टाकायला हवे. पोटावरून केलेल्या स्कॅनिंगमध्ये अंडाशयातली मोठी गाठ किंवा फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) दिसते, पोटाच्या आतल्या पडद्यावर विखुरलेले लहान ठिपके दिसत नाहीत. लग्न न झालेल्या मुलीचे स्कॅनिंग पोटावरूनच करतात. तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी पिऊन लघवी तुंबवून जावे, नाहीतर परत पाठवतात. आतून करायचे असेल तर उलट लघवी करून जायचे. पूर्वी पक्क्या निदानासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया हवीच असे मानत. आता लक्षणांवरूनही उपचार सुरू करता येतात: नेहमीच्या हार्मोनच्या गोळ्या, डायनोजेस्ट नावाची वेगळी हार्मोनची गोळी, किंवा हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी वस्तू. अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकते का, बीपी आहे का, पायात कधी गुठळी झाली होती का, हे डॉक्टरांनी विचारले नाही तर आपणहून सांगावे. कारण अशा बाईला नेहमीच्या हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत.

ताप, वास येणारे पांढरे पाणी आणि ओटीपोटात दुखणे एकत्र असेल तर जंतुसंसर्ग. औषधाचा कोर्स साधारण चौदा दिवसांचा. चौथ्या दिवशी बरे वाटले म्हणून सोडला तर दुखणे परत येते. नवऱ्यालाही औषध लागते आणि गाडी नेमकी तिथेच अडते. दोन पाळ्यांच्या मधोमध एका बाजूला दिवसभर दुखले तर ते बीज सुटण्याचे असते, त्याला घाबरू नये.

एक गोष्ट आयांसाठी. तेरा-चौदा वर्षांची मुलगी, छाती वाढलेली, पाळी आलेली नाही, पण दर महिन्याला तीन-चार दिवस ओटीपोट धरून बसते. कधी लघवीही अडते. अशा मुलीला जंताचे औषध देत बसू नये. योनिमार्गाचा पडदा बंद असल्याने रक्त आतच साठत असण्याची शक्यता असते. छोट्या शस्त्रक्रियेने ते मोकळे होते. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलींसाठी सरकारी रुग्णालयांत स्नेह क्लिनिक असते, तिथे सुरुवात करता येते.

‘पिशवी काढून टाका, कटकट संपेल’ हा सल्ला फार सहज दिला-घेतला जातो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये गाजला, आणि ऊसतोड आपल्याकडेही आहे. होकार देण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात: आजाराचे नाव काय, औषधाने किती महिने प्रयत्न झाला, अंडाशय ठेवणार की काढणार, काढलेला भाग तपासणीला पाठवणार का. चाळिशीच्या आत अंडाशय काढले तर हाडे आणि हृदय यांवर परिणाम होतो. आणि एंडोमेट्रिओसिस गर्भाशयाबाहेर पसरला असेल, तर पिशवी काढूनही दुखणे उरू शकते. दुसरे मत घ्यायला कोल्हापूर-मिरजेला जाणार असाल, तर स्कॅनिंगची फिल्मसुद्धा सोबत न्यावी, नुसता रिपोर्ट नव्हे.

पाळी चुकली आहे, एका बाजूला जोरात दुखते आणि चक्कर येते, किंवा अचानक प्रचंड कळ येऊन उलट्या सुरू झाल्या, तर कॅलेंडर राहू द्यावे. गर्भ नळीत राहिला असेल किंवा अंडाशयाला पीळ पडला असेल; १०८ ला फोन करून रात्रीच निघावे.

संपादक महाराज, एक विनंती. आपल्या महिला पुरवणीत महिन्याचा एक कोरा तक्ता छापावा: ३१ ओळी, रक्त, दुखण्याचा आकडा, जागा, गोळीची वेळ, उतार असे पाच रकाने, आणि प्रत्येक मराठी शब्दाखाली बारीक अक्षरात कन्नड शब्द. कापून कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने चिकटवता येईल एवढाच आकार पुरे.

आपले,
स्त्रीरोग विभागात काम करणारे काही डॉक्टर व परिचारिका, बेळगाव