किनाबालूच्या मालिम मामांना

प्रिय मामा,

सप्रेम नमस्कार.

किनाबालू पार्कच्या कचेरीत तुमची पहिल्यांदा गाठ पडली तेव्हाच आईनं तुम्हाला ‘भाऊ’ म्हणून हाक मारली, तेव्हा माझे तुम्ही मामाच, आणि डोंगरावर आमचे मालिम, म्हणजे गाईड. पत्र मराठीत लिहितेय. त्याचं मलयमध्ये भाषांतर करून घेऊन पार्कच्या पत्त्यावर तुमच्या नावानं पाठवणार आहेच. पण आधी इथं सगळ्यांसमोर लिहितेय, कारण आमच्याकडची बरीच ट्रेकर मंडळी आता मलेशियाला, बोर्निओच्या साबा राज्यात, किनाबालूच्या डोंगरासाठी येऊ लागली आहेत. त्यांनी हे वाचावं अशी माझी फार इच्छा आहे.

परत आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, “टॉपला गेलात का? सूर्योदय दिसला का?” हो, गेलो. दिसलाही. ४,०९५ मीटरवर लोज पीक या सर्वोच्च टोकाच्या पाटीशेजारी उभ्या असलेल्या आईचा फोटो आमच्या सगळ्या नातेवाइकांच्या फोनमध्ये आहे. त्या फोटोनंतर काय झालं, हे मात्र कुणी विचारत नाही. शिखरापासून तिंपोहोन गेटपर्यंतचे ८.७ किलोमीटर आणि २,२०० मीटरहून जास्त उतार, तोही एकाच दिवसात. मामा, माझे आभार आहेत ते त्या उतरणीचे.

आई ६२ वर्षांची आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून नाशिकच्या आसपासचं चामरलेणं, पांडवलेणी, रामशेज हे तिचं नेहमीचं चालणं. नवरात्रात कळसूबाईला जायचा नेम तिनं सहसा मोडलेला नाही. म्हणजे डोंगर तिला परका नाही. पण आमचं कळसूबाई १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, आणि तुमच्याकडे जिथून चालायला सुरुवात होते ते तिंपोहोन गेटच १,८६६ मीटरवर! तिथं उभी राहून आई वर बघत म्हणाली, “म्हणजे आपण देवीच्याही वर आलो आणि अजून चढ सुरूच झाला नाही.” तुम्हाला शब्द कळले नसतील, पण तुम्ही हसलात.

पहिल्या दिवशीचे सहा किलोमीटर तुम्ही तिच्या मागून चाललात. पुढे चालून घाई केली नाहीत, की “अजून थोडंच राहिलं” अशी खोटी आशा लावली नाहीत. दर अर्ध्या किलोमीटरला पाटी, आणि मध्ये मध्ये छपराखालचे थांबे. थांबा आला की तुम्ही तिला बसवायचात, पाणी प्यायला लावायचात, मग “पेलान-पेलान” म्हणून उठवायचात. हळूहळू, एवढाच त्याचा अर्थ. पण संध्याकाळपर्यंत आई मलाच पेलान-पेलान म्हणून दटावू लागली होती. वाटेत गॅसची टाकी पाठीवर घेतलेले तुमच्या गावाकडचे पोर्टर आम्हाला मागे टाकून वर जात होते. त्यातली एक बाई आईच्याच वयाची असावी. तिनं आईला नमस्कार केला, आईनंही केला, आणि दोघी पुढच्या वळणापर्यंत न बोलता सोबत चालल्या.

घटपर्णी तुम्हीच दाखवलीत. वाटेच्या कडेला वाकून, पानाला हात न लावता, नुसत्या बोटानं. काठावर दाट कंगोरे असलेला तो फुगीर पेला, आत पाणी, पाण्यात बुडालेला किडा. आईनं वर्गात मुलांना कीटकभक्षी वनस्पती अनेक वर्षं शिकवल्या त्या फळ्यावर आकृती काढून. ती तिथं गुडघे टेकून इतका वेळ बघत बसली की मागचे लोक खोळंबले. त्यांना बाजूनं वाट करून दिलीत तीही तुम्हीच.

पानालाबानच्या मुक्कामी, ३,२७२ मीटरवर, रात्री कुणालाच झोप लागली नाही. पहाटे अडीचला हेडटॉर्च लावून निघालो. सायात-सायातच्या चौकीपुढे झाडं संपतात आणि नुसता कातळ सुरू होतो. आम्ही सह्याद्रीतली माणसं. आमचा खडक काळा, थरांचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तुमचा ग्रॅनाइट त्या मानानं अगदीच तरुण, जमिनीखाली मुरून थंड झाला तो ७०-८० लाख वर्षांपूर्वी. मग वर आलेल्या त्या खडकावरून हिमयुगात बर्फ सरकला आणि हे लांबच लांब उतार घासून निघाले. अंधारात पांढऱ्या दोराला धरून त्यावरून चढताना आईचा श्वास पुरत नव्हता. तुम्ही वीस पावलांचा हिशेब लावून दिलात. वीस पावलं, थांबायचं, तोंडानं हळू श्वास सोडायचा, पुन्हा वीस. शेवटच्या दगडांच्या राशीवर तिला पुढे केलंत आणि तुम्ही एक पायरी खाली थांबलात.

आता त्या उतरणीचं सांगते.

वरून पानालाबानपर्यंत ठीक होतं. नाश्ता झाला. त्यानंतर पाका थांब्याच्या खाली एका उंच पायरीवरून उतरताना आईचा उजवा गुडघा एकदम धरला. ती खाली बसली आणि रंगच उडाला तिचा. दोन हजार मीटर चढताना एकदाही कुरकुर न केलेली बाई “मला नाही जमणार गं आता” असं म्हणाली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. अजून पाचेक किलोमीटर शिल्लक होते, सगळे पायऱ्यांचे, आणि आभाळ भरून येत होतं.

तुम्ही आधी काहीच बोलला नाहीत. तिच्यासमोर बसलात, पाय हळूच सरळ केलात, गुडघ्याच्या वर-खाली बोटानं दाबून कुठं दुखतं ते पाहिलंत. सॅकमधून क्रेप बँडेज काढून आठच्या आकड्यात बांधलंत. मग वॉकीटॉकीवरून खाली कळवलंत. स्ट्रेचर मागवता येईल, माणसं येतील, असं मला बाजूला घेऊन मोडक्या इंग्रजीत आणि खुणांनी सांगितलंत. आणि निर्णय मला विचारला नाहीत, आईला विचारलात. ही गोष्ट माझ्या मनात फार खोल रुतून बसली आहे. साठी उलटलेल्या बाईच्या गुडघ्याबद्दल तिच्या मुलीशी परस्पर बोलून घ्यायची आमच्याकडे सवय आहे. तुम्ही तिच्याशी बोललात. ती म्हणाली, चालते.

मग तुम्ही तिला चालायला शिकवलंत, अगदी पहिल्यापासून. तोंड समोर करून उतरायचं नाही, आडवं उभं राहायचं. दुखरा पाय आधी खाली, चांगला मागून. दोन्ही पाय एका पायरीवर आल्याशिवाय पुढची पायरी नाही. तुम्ही तिच्या पुढे एक पायरी खाली, तिच्याकडे तोंड करून, स्वतः उलटे उतरत होतात. हात धरला नाहीत. खांदा दिलात. तिचा हात बरोबर तुमच्या खांद्यावर यावा इतकं अंतर ठेवून, प्रत्येक पायरीच्या उंचीप्रमाणे स्वतः वाकत किंवा ताठ होत. हाताला धरलं की माणूस ओढला जातो, खांद्यावर त्याचा भार तो स्वतःच ठेवतो, हे मला तुमच्याकडे बघता बघता समजलं. तिची सॅक तुमच्या पोटावर, तुमची पाठीवर. त्या पायऱ्या सारख्या मापाच्या नाहीत. काही लाकडाच्या, काही नुसती मुळं, काही गुडघाभर उंच दगड. त्या सगळ्या तुम्ही पाठमोरे उतरलात, मागे न बघता. पायाखालची वाट तुम्हाला इतकी पाठ होती.

लायांग-लायांगच्या आसपास पाऊस आला. आमच्या घाटावरच्या श्रावणासारखा नाही, सरळ कोसळणारा. वाटेचा ओढा झाला. तुम्ही तिला पोंचो घातलात आणि गाणं म्हणायला लागलात. कुठलं ते ठाऊक नाही, तुमच्या दुसुन भाषेतलं असावं. आईनं उत्तरादाखल भूपाळी धरली. थंडीनं दात वाजत असताना त्या पावसात तुमचं एक कडवं आणि तिचं एक, असं चालू होतं आणि मी मागून दोन पोल सांभाळत रडत होते. ते कुणाला कळलं नाही, पावसाचा तेवढा उपकार.

सगळ्यात कठीण भाग शेवटी आला. कार्सन धबधब्यापाशी वाटलं, सुटलो. पण तिथून गेटपर्यंत पुन्हा चढाच्या पायऱ्या आहेत! दिवसभर उतरून झाल्यावर ते शे-दोनशे मीटर बघून आई हताश होऊन हसायला लागली. तुम्ही तिच्या मागे गेलात आणि पहिल्या दिवसासारखंच म्हणालात, पेलान-पेलान. गेटवर पोहोचलो तेव्हा दिवे लागले होते. चौकीतल्या माणसानं यादीत आमच्या नावापुढे खूण केली. त्या दिवशीच्या यादीत ते शेवटचं नाव होतं आणि तुमच्या घरी जेवण थांबलेलं असणार.

मामा, परतल्यावर मी तुमच्या डोंगराबद्दल बरंच वाचलं. ज्यांच्या नावानं हे शिखर ओळखलं जातं ते ह्यू लो १८५१ मध्ये वर आले होते, पण सर्वोच्च टोकापर्यंत पोहोचलेच नाहीत. त्यांना वाट दाखवणारी माणसं तुमच्याच डोंगरपायथ्याच्या गावांतली होती. तुमचे लोक या डोंगराला आकी नबालू म्हणतात, गेलेल्या पूर्वजांचं तिथं वास्तव्य आहे असं मानतात, आणि त्यांची परवानगी मागण्यासाठी सात पांढऱ्या कोंबड्या, सात अंडी, विड्याची पानं, सुपारी, चुना, तांदूळ ठेवून विधी करतात. पान-सुपारी ठेवल्याशिवाय आमचंही कुठलं कार्य सुरू होत नाही. शिखरावर आईनं हात जोडले तेव्हा तुम्ही टोपी काढलीत, ते मला नंतर उमगलं.

५ जून २०१५ च्या भूकंपाबद्दलही वाचलं. सकाळची वेळ, तीव्रता ६.०, दरडी कोसळल्या आणि १८ जण गेले. त्यात सिंगापूरहून आलेली शाळकरी मुलं होती, त्यांना सांभाळणारे गाईड होते. शंभराहून जास्त लोक वर अडकले. खराब हवेमुळे हेलिकॉप्टर उतरू शकेना, तेव्हा त्यांना फुटलेल्या वाटेवरून खाली आणलं ते तुमच्यासारख्या मालिम गुनुंग मंडळींनी. तुम्ही त्या दिवशी वर होतात का? तुमच्यासोबत असताना मला हे माहीतच नव्हतं, आणि आता पत्रातून विचारायचा धीर होत नाही. पण माणसाला खाली आणणं हे तुमच्याकडे काय मोलाचं काम आहे, ते आता कळतं.

इथल्या वाचकांनाही दोन शब्द सांगते, मामा, तुमची हरकत नसेल तर. साबाच्या जाहिरातींत किनाबालू म्हणजे ‘अनुभव नसला तरी कुणालाही जमेल असं शिखर’ असं सर्रास लिहिलेलं असतं. दोर-कड्यांचं तंत्र लागत नाही, इतपत ते खरं आहे. पण उतरणीबद्दल त्यात चकार शब्द नसतो. जाण्याआधी काही महिने जिने उतरायचा सराव करा, नुसता चढायचा नाही. पोल दोन घ्या, गुडघ्याचा पट्टा घ्या. रोज मोजक्याच लोकांना परवानगी मिळते, म्हणून आरक्षण खूप आधी करावं लागतं. गाईडशिवाय कुणालाही वर सोडत नाहीत, आणि हा नियम अगदी योग्य आहे. मात्र गाईडचे पैसे पॅकेजमध्ये धरले आहेत म्हणून त्याचं देणं संपलं असं समजू नका. सॅक जड असेल तर पोर्टर करा, किलोवर दर असतो, घासाघीस करू नका. आणि उतरताना गाईडला सोडून पुढे पळू नका. शिखरावरचा फोटो झाला की कित्येक जण तेच करतात, मी डोळ्यांनी पाहिलं.

तुम्ही बक्षिसी घेताना इतके संकोचलात की आईनं ती तुमच्या खिशात कोंबली. वर डिंकाच्या लाडवांचा डबाही दिला. त्यातला एक तुम्ही तिथंच खाल्लात आणि बाकीचे धाकट्या मुलीसाठी ठेवलेत. तिलाही मालिम व्हायचंय म्हणालात. तिला माझ्याकडून आणि आईकडून खूप शुभेच्छा सांगा.

आईचा गुडघा आता बरा आहे. डॉक्टरांनी व्यायाम दिलेत, ते ती न चुकता करते, आणि जिना अजूनही आडव्या पायानं उतरते, सोसायटीतल्या मैत्रिणींनाही तसंच उतरायला लावते. त्या मैत्रिणींतल्या काही जणींना पुढच्या वर्षी तुमच्याकडे यायचंय. त्यांचा हट्ट आहे की गाईड तुम्हीच हवेत. पार्ककडे तसं आधी नाव देऊन सांगता येतं का, आणि कोणत्या महिन्यात पाऊस कमी असतो, एवढं सवडीनं कळवा. आईनं मोबाइल नंबर पत्राच्या मागे लिहिलाय.

मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची भाची,
नाशिकहून