खाते पदाचे की व्यक्तीचे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

लोकप्रतिनिधीने समाजमाध्यमांवर असावे की नाही, हा वाद आता संपला आहे. तो ज्या खात्यावरून बोलतो ते खाते नेमके कोणाचे, याची चौकशी मात्र फारसे कोणी करत नाही. एकाच पानावर पाणीपुरवठा बंद राहणार असल्याची सूचना, तिच्याखाली नातवाचा वाढदिवस आणि त्याखाली विरोधकांची टर उडवणारी चित्रफीत, असा मामला असला की तिथे लिहिणारा माणूस नागरिक, कार्यकर्ता की घरचा पाहुणा, हे त्याचे त्यालाही कळत नाही.

अशाच एका पानावर मी फुटलेल्या जलवाहिनीचे छायाचित्र टाकले होते. दहा मिनिटांत 'नोंद घेतली आहे, कृपया इनबॉक्समध्ये मोबाइल क्रमांक पाठवावा' असे उत्तर आले. क्रमांक पाठवला. पाणी वाहतच राहिले. मला मात्र तेव्हापासून प्रत्येक सणाच्या शुभेच्छा न चुकता येतात. पुढे जरा कडक शब्दांत (शिवीगाळ न करता) विचारणा केली, तेव्हा मला 'ब्लॉक' करण्यात आले आणि पाणीपुरवठ्याच्या सूचनाही दिसेनाशा झाल्या.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये 'लिंडके विरुद्ध फ्रीड' या खटल्यात याच गुंत्याचा विचार केला. तिथे प्रतिवादी निवडून आलेला नव्हता, शहराचा नियुक्त व्यवस्थापक होता. पण कौटुंबिक छायाचित्रे आणि शहराच्या कामाची माहिती त्याच्याही एकाच फेसबुक पानावर होती. शासनाच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्या व्यक्तीला खरोखर असेल आणि तो मजकूर लिहिताना ती तोच अधिकार वापरत असल्याचे दिसत असेल, तरच टिप्पणी काढणे वा 'ब्लॉक' करणे हे शासनाचे कृत्य मानावे, असे न्यायालयाने एकमताने ठरवले. निकालातला एक बारकावा मला अधिक मोलाचा वाटतो: टिप्पणी काढून टाकली तर प्रश्न त्या एका नोंदीपुरता राहतो, 'ब्लॉक' मात्र संपूर्ण पानाला लागू होतो.

म्हणून पदाचे खाते वेगळे असावे आणि त्यावर पक्षाचा प्रचार वा घरगुती सोहळे नसावेत. कोणती टिप्पणी काढली जाईल याचे नियम पानावर आधीच लावलेले असावेत. अश्लील वा धमकीचा मजकूर जरूर काढावा, पण गैरसोयीचा प्रश्न त्यात मोडत नाही. तक्रारीला उत्तर देताना कार्यालयाचा नोंद क्रमांक द्यावा, आणि काम झाले की नाही हे त्याच तक्रारीखाली, सर्वांना दिसेल असे लिहावे. खासगी तपशील तेवढे इनबॉक्समध्ये घ्यावेत.

पद सुटले की खातेही सुटावे. अमेरिकेच्या अध्यक्षांचे 'पोटस' हे ट्विटर खाते जानेवारी २०१७ मध्ये ओबामांकडून ट्रम्प यांच्याकडे गेले, आणि ओबामांच्या काळातील नोंदी वेगळ्या खात्यात जतन झाल्या. आपल्या प्रतिनिधींनीही जाताना पासवर्डबरोबर अनुत्तरित तक्रारींची यादी पुढच्याच्या हाती द्यावी.

आपला,
एक मतदार