सईच्या हृदयातलं छिद्र आणि ती जाळी

प्रिय संजय,

सईच्या हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं छिद्र छाती न उघडता, डिव्हाइसने बंद करता येईल असं डॉक्टर म्हणाले, हे वाचून फार बरं वाटलं. ‘ते आतून निसटलं तर?’ या विचाराने तुझी झोप उडाली आहे, म्हणून आधी तेच लिहितो.

डिव्हाइस म्हणजे निकेल-टायटॅनियमच्या बारीक तारांची विणलेली जाळी. दोन चकत्या आणि मध्ये आखूड कंबर. ताणून लांबट केलेली ही जाळी जांघेतल्या शिरेतून, नळीवाटे हृदयात नेतात. नळीबाहेर पडताच ती आपला मूळ आकार धरते. आधी डाव्या कप्प्यातली चकती उघडतात, ती पडद्याला टेकवतात, मग उजवीकडची. कंबर छिद्रात बसते. एवढं होईपर्यंत जाळी नळीतून आत नेणाऱ्या बारीक केबलला स्क्रूने जोडलेलीच असते, हे लक्षात ठेव. डॉक्टर इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर पाहतात, हलकेच ओढून बघतात, नीट बसली नसेल तर परत नळीत घेतात. खात्री पटल्यावरच सोडतात. तरीही क्वचित निसटते, बहुधा सुरुवातीलाच. म्हणून तर घरी सोडण्याआधी पुन्हा इको करतात. निसटलेली जाळी बऱ्याचदा फास टाकून काढता येते, नाहीतर शस्त्रक्रिया करावी लागते.

ही वाट जुनी आहे. १९६७ साली बर्लिनमध्ये पोर्स्टमान यांनी हृदयाजवळची, जन्मानंतरही उघडी राहिलेली रक्तवाहिनी शस्त्रक्रियेशिवाय बुजवली होती. सईला बसवणार आहेत तशी दोन चकत्यांची विणलेली जाळी, कर्ट अ‍ॅम्प्लाट्झ यांची, १९९५ मध्ये पहिल्यांदा माणसात वापरली गेली.

पण संजय, छिद्र कायमचं बंद करतं ते सईचं स्वतःचं शरीर. जाळीतल्या पॉलिस्टरच्या कापडात रक्त साकळतं, मग हृदयाचं आतलं अस्तर हळूहळू जाळीवर चढतं. त्याला साधारण तीन ते सहा महिने लागतात. तोवर उघड्या धातूवर गुठळी धरू नये म्हणून अ‍ॅस्पिरिन, आणि दातांचं काही करायचं झालं तर आधी अँटिबायोटिक. वहिनींना हे नीट समजावून सांग. घरी आल्यावर सई धावायला लागेल आणि गोळ्या मागे पडतील, याचीच मला खरी काळजी वाटते. धक्काबुक्कीचे खेळ कधी सुरू करायचे तेही डॉक्टरांनाच विचार.

निकेलची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा. क्वचित जाळी हृदयाच्या भिंतीला घासते, आणि हे उशिराही होऊ शकतं. छातीत दुखलं, धाप लागली, चक्कर आली तर वाट न पाहता हॉस्पिटल गाठायचं.

आणि छिद्राच्या कडा अपुऱ्या आहेत म्हणून त्यांनी ऐनवेळी शस्त्रक्रिया सुचवली, तर खचू नकोस. जाळीला पकडायला कडच नसेल तर टाके घालून बंद करणं केव्हाही चांगलं. कडांची मापं इकोच्या रिपोर्टमध्ये असतात. रिपोर्टचा फोटो पाठव, म्हणजे डॉक्टरांना काय काय विचारायचं ते आपण रविवारी फोनवर ठरवू.

तुझा,
अनिल