टोपलीचा फोटो पाहून घाबरू नका

म्युनिक, ऑक्टोबर

ती. आई-बाबांना,
सा. न.

आई, काल फोनवर तू मला बोलूच दिलं नाहीस, म्हणून सविस्तर लिहायला घेतलं. मी ठणठणीत आहे, जेवते वेळेवर, बाकी रोजचं तुम्हाला ठाऊकच आहे.

आता मी पाठवलेल्या टोपलीच्या फोटोतल्या अळंब्यांचं. रानात दिसेल ते तोडून मी पातेल्यात घालत नाही गं! घरमालकीणबाई सोबत असतात, त्या लहानपणापासून अळंब्या गोळा करतात. तरी त्यासुद्धा आपली टोपली आधी तपासून घेतात. हंगामात इथे शहरातर्फे जाणकार बसतात, फुकट. लोक कामावरून सुटून टोपल्या घेऊन रांगेत उभे. ते गृहस्थ एकेक अळंबी उलटून बघतात, हुंगतात आणि नको ती सरळ बाजूला टाकतात. कुणी हुज्जत घालत नाही. कापून आणलेली दिसली की मात्र बोलणी बसतात. सगळ्यात घातक जातीची खूण देठाच्या बुडाशी असते, मातीत अर्धी गाडलेली पांढरी पिशवी, फाटक्या मोज्यासारखी. वरून सुरी चालवली की खूण जमिनीतच राहते. म्हणून बुडासकट हलकेच पिरगाळून काढायची. प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरून नासतात, म्हणून टोपली.

मावशीला सांग, किड्याने खाल्लेली म्हणजे चांगली, हे खोटं. गोगलगायी ती विषारीसुद्धा खुशाल खातात. विषारी अळंबीने चांदीचा चमचा काळा पडतो म्हणतात, तेही तसंच खोटं. शिजवूनही त्या घातक जातीचं विष जात नाही. उलट्या-जुलाब बहुधा सहा तासांनंतर सुरू होतात, मग बरं वाटतं आणि तोवर आत यकृत निकामी होत असतं. 2015 मध्ये इथे आलेल्या किती तरी निर्वासितांना अशी विषबाधा झाली, कारण ती घातक जात त्यांच्याकडच्या खाण्याच्या अळंबीसारखी दिसते. तेव्हा वारुळावरची अळंबी ओळखते एवढ्या जोरावर मी इथे काही तोडेन, असं समजू नका.

बाबा, चेर्नोबिलचं तुम्ही वाचलंत ते खरं आहे. 1986 च्या त्या अणुभट्टीच्या स्फोटातलं किरणोत्सारी सीझियम इथल्या रानात अजून आहे. पण रानातल्या अळंब्या अधूनमधून थोड्या खाल्ल्या तर काळजी नको, असं सरकारी खातंच सांगतं. मी तर या वर्षी चवीपुरतंच खाल्लंय.

पैसे परवा पाठवलेत. घराच्या कौलांचं काम उरकून घ्या, माझ्यासाठी काही शिल्लक ठेवू नका. दिवाळीला जमत नाहीये. रजेचा प्रश्न आहे, तिकिटाचा नाही. मनूच्या साखरपुड्याला यायचं बघतेय, नक्की म्हणत नाही. मुलगा फोटोत बरा दिसतो, पण मी व्हिडिओवर बोलल्याशिवाय तारीख धरू नका. धाकटीचं आधी होतंय याचं मला खरंच काही वाटत नाही, आत्याला तसं स्पष्ट सांगा. माझं स्थळ बघायचं पुढच्या वर्षी बोलू.

हॉलचे उरलेले पैसे मीच देणार. मामांकडे मागू नका. येता नाही आलं तर एवढं तरी माझ्याकडून होऊ दे.

तुमची,
बबी

ता. क. आई, तो फोटो आता आणखी कुणाला पाठवू नकोस.